सायकलीवर पानिपत, आणि परत

दिल्लीकडची मराठी माणसं वर्षातून एकदा पानिपतला जातात. संक्रांतीला, मंडळाच्या बसने, आणि रात्रीच्या आत घरी परत. सायकलीने कुणी जात नाही. शमीम आणि मी गेलो, पण त्याचं कारण पानिपत नव्हतंच. कारण होतं कन्याकुमारी. तिथे जायचं तर आधी पानिपतला जाऊन दाखवा, अशी अट आमच्यावर पडली होती. ती कशी पडली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

गाझियाबाद

शमीम मुल्ला मिरजेची, मी पुण्याची. दोघींचे नवरे एकाच सरकारी कारखान्यात आणि क्वार्टर्स समोरासमोर. लग्न होऊन गाझियाबादला आलो तेव्हा अख्ख्या कॉलनीत सायकल चालवणाऱ्या बायका दोनच होत्या, त्या आम्ही. पुण्यात काय किंवा मिरजेत काय, मुलगी सायकलवरून शाळेला निघाली तर कुणी मान वर करून बघत नाही. इथे लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. एकटीकडे बघितलं की लाज वाटायची, दोघींकडे बघितलं की हसू यायचं, म्हणून आम्ही कुठेही जोडीनेच जायला लागलो. ती कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर, मी पुढच्याच चौकातल्या शाळेत भूगोलाची बाई. सकाळी फाटकापर्यंत एकत्र, संध्याकाळी भाजी घेऊन एकत्र. मुलं मोठी झाली, कॉलनीत स्कूटर आल्या, मग मारुती आल्या, पलीकडच्या उसाच्या शेतात उंच सोसायट्यांचे रंगीत फलक उभे राहिले. आमच्या सायकली मात्र त्याच राहिल्या.

मग बाहेरचा माल स्वस्तात यायला लागला आणि कारखान्याचं काम हळूहळू बसलं. शमीमचा टेलिफोन बोर्ड तर त्याच्या आधीच गेला. आपोआप नंबर लागणारं नवं यंत्र आलं आणि हिला दिवसभर खुर्चीत बसून स्वेटर विणायची पाळी आली. स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली तेव्हा तिच्या नवऱ्याने, सलीमभावजींनी, आणि तिने बरोबरच सही केली. मार्चअखेर क्वार्टर सोडायचं आणि कायमचं मिरजेला जायचं, असं ठरलं.

हे तिने मला सांगितलं हिंडन नदीच्या पुलावर, सायकल चालवता चालवता, माझ्याकडे न बघता. मीही "अच्छा" एवढंच म्हटलं. घरी येऊन कणीक मळायला घेतली आणि रडायला आलं. श्रीधरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं काय झालं. कांदा चिरत होते म्हणावं तर परातीत कणीक.

चार दिवसांनी त्याच पुलावर ती म्हणाली, "ट्रेनने जायचं म्हणजे काय गं, इथे झोपायचं आणि मिरजेत उठायचं. इतकी वर्षं काढली यार, आणि मधला देश बघितलाच नाही."

"मग सायकलने जा," मी चिडूनच म्हटलं.

"तू येतेस?"

"मिरजेपर्यंत येईन. पण तिथून मी एकटीने परत यायचं का?"

"परत कशाला? पुढे जाऊ. देश संपेपर्यंत."

ती गंमत करत नव्हती हे मला तिच्या पाठीवरून कळलं. त्या आठवड्यात मी शाळेतला एक फाटका भिंतीवरचा नकाशा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. शमीमने लाल लोकरीचा गुंडा आणला. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर लोकर बोटाने दाबत आम्ही दिल्लीहून खाली निघालो: आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक, पुणे, मिरज, आणि मग उतरत उतरत कन्याकुमारी. टेबलावर ते अगदीच सोपं दिसत होतं. फेब्रुवारीत निघायचं, थंडी आपल्या पाठीशी ठेवायची, ऊन वाढायच्या आत समुद्राला लागायचं. मुख्याध्यापिका बिनपगारी रजा द्यायला तयार झाल्या. मला खरं सांगायचं तर समुद्राचं एवढं काही नव्हतं. शमीम जायची ती जाणारच होती. ती जरा सावकाश जावी, आणि जाईपर्यंत माझ्या शेजारी असावी, एवढंच मला हवं होतं.

नवऱ्यांनी नकार दिला नाही. दोघांनी एका रविवारी आमच्याकडे मटण हाणलं, हात धुतले आणि अट घातली. श्रीधर म्हणाला, "आधी पानिपतला जाऊन या. संक्रांतीला मंडळाची बस आहेच, आम्ही बसमध्ये असू. तुम्ही जाताना सायकल, येताना सायकल. दोघींपैकी कुणीही बसमध्ये बसलं की कन्याकुमारीचा विषय बंद."

"कबूल," शमीम म्हणाली.

"पानिपतला जाणं सोपं असतं," सलीमभावजी मिशीत हसत म्हणाले, "परत येणं बघा."

घंटाघराजवळच्या सायकलवाल्याकडे गेलो तर त्याने गिअरच्या नव्या, पोपटी रंगाच्या सायकली दाखवल्या. किती वर्षांच्या मुलांसाठी हव्यात, असं त्याने विचारलं. आम्ही आमच्याच सायकलींना नवे टायर घालून घेतले, मजबूत कॅरियर बसवले आणि घरी आलो.

सत्कार

एवढ्यावर निघालो असतो तर बरं झालं असतं. पण बातमी मंडळात गेली, आणि आपल्याकडे कुणी काही करणार असं कळलं की ते करायच्या आधीच त्याचा सत्कार होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये सभा भरली. आम्हाला शाल आणि श्रीफळ मिळालं. मंडळाचे सेक्रेटरी जोगळेकर आमच्या धाडसावर भरपूर बोलले. अजून आम्ही हिंडनसुद्धा ओलांडली नव्हती.

सभा संपल्यावर जोगळेकर हळूच जवळ आले. "वहिनी, तुम्ही जाताच आहात तर एक काम कराल? तिळगुळाचे दोन डबे आहेत, स्मारकापाशी वाटायला. बसमध्ये पोरं धिंगाणा करतात, वड्यांचा चुरा होतो. तुमच्याकडे नीट राहतील."

मागच्या वर्षीच्या चुऱ्याचा त्यांना फारच धसका असावा. मी शमीमकडे बघितलं, शमीमने माझ्याकडे. शाल अंगावर असताना नाही कसं म्हणणार? डब्यांपाठोपाठ मंडळाचा कापडी फलक आला, समईची पिशवी आली, कुणाच्या तरी गुळपोळ्या आल्या. सकाळी निघताना, मिरजेहून पाहुणी आलेल्या शमीमच्या बहिणीने दोघींच्या हातावर दही घातलं आणि श्रीधरने थर्मास अडकवला. माझी सायकल स्टँडवरून काढली तर पुढचं चाक वर उचललं गेलं.

"बाजारबुणगे," शमीम म्हणाली. मराठ्यांच्या फौजेबरोबर पानिपतच्या वाटेवर जे न लढणारं लटांबर होतं, त्याला आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हा शब्द आहे. आम्ही दोघींनी मिळून तेवढं लटांबर आरामात जमवलं होतं.

गन्नौर

शाहदरा, वजीराबादचा पूल आणि मग उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता. जानेवारीतलं धुकं इतकं की शमीम पुढे असली तर मला नुसता तिचा लाल स्वेटर दिसायचा, आणि डब्यांतल्या वड्यांचा खडखडाट ऐकू यायचा. त्या आवाजाने गावोगावचे कुत्रे आमच्या स्वागताला आले. रस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं. एका बाजूला खडीचे ढीग, दुसऱ्या बाजूला ट्रक, आणि मधल्या पट्टीत आम्ही. मोहरीच्या पिवळ्या शेतांत मध्येच लग्नाचे मोठे हॉल आणि फार्महाउसच्या कमानी उभ्या होत्या. त्यातल्या एका कमानीच्या मागे भिंतच नव्हती, नुसती कमान आणि पुढे म्हैस.

मुरथलला ऊन पडलं तेव्हा आम्ही धाब्यावर उतरलो. मालकाने आमच्यामागे रस्त्याकडे बघत विचारलं, "बाकी पार्टी पीछे आ रही है?"

"बाकी पार्टी नहीं है," शमीम म्हणाली. "हम ही हैं."

त्याने खाटा उचलून उन्हात ठेवायला लावल्या आणि पराठ्यांवर पांढऱ्या लोण्याचे असे गोळे ठेवले की माझ्या सासूबाईंनी तेवढ्यात चार दिवसांचा संसार केला असता. आपल्याकडे थालीपिठावर लोणी घालतात, इथे लोण्याखाली पराठा ठेवतात. आम्ही सगळं संपवलं. त्यानंतर तासभर सायकल चालवण्याऐवजी ढकलली, ती चढामुळे नव्हे.

मुक्काम गन्नौरजवळच्या एका गावात होता. आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंची बहीण संतोष तिथे दिलेली. संतोष हे तिकडे बाईचं नाव असतं. तिने डोक्यावरचा पदर जरा वर करून आम्हाला, मग सायकलींना, मग पुन्हा आम्हाला बघितलं.

"थम सायकल पै आई सो? अर घरआळे कित सैं?"

"ते कल बस से आयेंगे," मी म्हटलं. नवरे कुठे आहेत असं तिने विचारलं होतं, आणि माझं हिंदी घाबरलं की मराठी होतं.

"मर्द बस मैं अर लुगाई सायकल पै!" ती पोट धरून हसली आणि पितळेच्या मोठ्या ग्लासांतून म्हशीचं दूध घेऊन आली. दुधाला नाही म्हणायची तिथे पद्धतच नाही.

सकाळी उजाडायच्या आतच घरात गडबड. संक्रांत होती. सगळ्यांच्या अंघोळी झालेल्या, गल्लीत शेकोटी पेटलेली. संतोषची सासू मात्र घरात दिसेना. मी विचारलं तर संतोष अगदी सहज म्हणाली, "रूस कै बैठगी. इब मनाण जाणा सै."

मला वाटलं, सणासुदीला घरात भांडण झालं. पण तसं नव्हतं. त्या भागात संक्रांतीला घरचं वडील माणूस मुद्दाम रुसून दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतं. मग सुना शेजारणींना घेऊन, गाणी म्हणत तिथे जातात, त्याच्या अंगावर नवी शाल घालतात आणि समजूत काढून घरी आणतात. आम्हीही त्या घोळक्यात गेलो. सासूबाई एका ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. संतोषने शाल घातली, त्यांनी खांदे उडवून पाडली. दुसऱ्यांदा घातली, पुन्हा पाडली. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी ती हळूच पोटाशी ओढून घेतली, कारण थंडी खरीच होती. सगळ्याजणी हसत घरी आलो आणि तूप घातलेला चुरमा खाल्ला.

"आपल्याकडे का नाही हे?" शमीम सायकलवर बसताना म्हणाली. "आपल्याकडे वर्षभर रुसतात, आणि कुणी शाल आणत नाही."

"आपल्याकडे सत्काराला लागतात ना शाली," मी म्हटलं.

पानिपत

काला अंब, म्हणजे लढाईची जागा, शहराच्या बाहेर आहे. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं तो आंबा आता नाही. रक्ताने त्याची फळं काळी झाली असं सांगतात. त्या जागी दगडी खांब आहे, भोवती कुंपण आणि बाग. मी आधी बसने गेले होते तेव्हा खाली उतरले, नमस्कार केला, फोटो काढला आणि चहा शोधला. या वेळी सायकलवरून उतरले तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं की ही माणसं फार लांब आली होती. ओळखीचं एक झाड नाही, थंडी अशी, आणि घर खाली कुठेतरी. मी डोळे पुसले. शमीम खांबासमोर हात पसरून उभी होती, ओठ हलत होते.

स्थानिक लोकांपैकी एक फेटेवाले आजोबा जवळ आले. आमचे वाडवडील तुमच्याकडचेच, लढाईनंतर इथेच राहिले, असं सांगणारी बरीच कुटुंबं त्या भागात आहेत, त्यातलेच ते. त्यांनी आमची नावं विचारली. शमीमचं नाव ऐकून म्हणाले, "आप भी मरहठे?"

"और क्या! मिरज के," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "तोफखाना कुणी चालवला होता विचार त्यांना." आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मंडळाची बस आली. वड्यांचा चुरा झाला नव्हता, याचा जोगळेकरांना इतका आनंद झाला की त्यांनी भाषणात दोनदा सांगितलं. डबे रिकामे झाले, फलक आणि समई ज्यांची त्यांना परत गेली. आता आम्ही हलक्या झालो, असं म्हणेपर्यंत तिथल्या स्वागत समितीने आमचा दुसरा सत्कार केला. पानिपतची प्रसिद्धी दोन गोष्टींची, लोणचं आणि हातमागाची जाड पांघरुणं. आम्हाला दोन्ही मिळालं. दोघींना एकेक पांघरूण आणि एकेक चिनीमातीची बरणी, भरलेली.

श्रीधर बसच्या खिडकीतून हात पुढे करून म्हणाला, "द्या ते सामान इकडे. अट तुमच्यासाठी आहे, बरणीसाठी नाही."

मी बरणी उचललीच होती. पण शमीम म्हणाली, "नको. सामान बसमध्ये गेलं म्हणजे अर्ध्या आपण बसमध्ये गेलो. मग हे लोक वर्षभर ऐकवतील. तत्त्वाचा प्रश्न आहे, भावजी."

तत्त्व म्हटल्यावर पुण्याच्या बाईने काय बोलायचं? मीही लगेच मान हलवली. सलीमभावजींनी कपाळाला हात लावला. श्रीधर म्हणाला, "बिल्कुल. तत्त्व बांधा कॅरियरला." आम्ही ते बांधलं आणि बसच्या बऱ्याच आधी परतीला लागलो.

परतीचा रस्ता

वारा समोरून होता. शमीम पुढे असायची ती मागे पडायला लागली. मी थांबायचे, ती यायची, "चल चल" म्हणायची, पुन्हा मागे पडायची. समालखाच्या पुढे मी थांबले तर बराच वेळ ती आलीच नाही. मागे जाऊन बघते तर रस्त्याकडेला बसलेली, सलवार गुडघ्यापर्यंत वर केलेली. गुडघा सुजून टम्म झाला होता.

"कधीपासून दुखतोय?"

"जातानाच जरासा लागला होता. मुरथलच्या पुढे."

"आणि तू तत्त्वाच्या गोष्टी करत होतीस?"

"अगं, गन्नौर जवळच आहे. हळूहळू जाऊ. सकाळी बरा होईल."

तिने उभं राहायचा प्रयत्न केला आणि माझा खांदा इतक्या जोराने धरला की मला कळायचं ते कळलं. पेडल मारणं सोडा, तिला सायकल धरून उभं राहवत नव्हतं. धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. तेवढ्यात मागून मंडळाची बस येताना दिसली. आत भजन चाललेलं ऐकू येत होतं.

शमीम म्हणाली, "हात करू नकोस."

मी तिच्याकडे बघितलं. तिला काय दिसत होतं ते मलाही दिसत होतं: टेबलावरचा नकाशा, लाल लोकर, आणि मार्चमधलं रेल्वे स्टेशन. मी हात केला नाही, तर आम्ही दोघी त्या रस्त्याच्या कडेला बसून राहणार होतो आणि तिचा गुडघा कायमचा जाणार होता. मी हात केला, तर ती माझ्यापासून ट्रेनने जाणार होती. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले.

बस थांबली. सलीमभावजी धावत उतरले. त्यांनी आणि श्रीधरने तिला उचलून दारात चढवलं, सायकल टपावर चढवली. ती सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. दारातून एवढंच म्हणाली, "तू थांबवलीस. तू."

"शमीम, तुझा गुडघा..."

"माझा गुडघा माझा आहे." तिने मान फिरवली आणि सलीमभावजींचा हात धरून आत गेली.

श्रीधर मला हलक्या आवाजात म्हणाला, "तू पण बस ना आता. विषय तर संपलाच."

"मी सायकलवर येते."

"कशासाठी? आता कुणाला दाखवायचंय?"

दोघींनी सुरू केलेली गोष्ट दोघींनी टाकली असं होऊ नये, एवढंच वाटत होतं. श्रीधरने वाद घातला नाही. माझी बरणी आणि पांघरूण सोडवून घेतलं, स्वतःचा टॉर्च हँडलला बांधला आणि संतोषच्या घरी पोचलीस की बूथवरून फोन कर, असं बजावून बसमध्ये चढला. बस गेली. शमीम खिडकीत दिसली नाही.

गन्नौरला संतोषने दार उघडलं आणि विचारलं, "दूसरी कित सै?"

मी सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "रूसगी. तो मना ले. शाल कोन्या के तेरे धोरै?"

माझ्याजवळ शाल होती. मंडळाच्या सत्काराची, दोन दिवस कानाला गुंडाळलेली. त्या सगळ्या लटांबरातली तेवढीच वस्तू खरी उपयोगाला आली होती.

पुन्हा गाझियाबाद

दुसऱ्या दिवशीचा रस्ता मला फारसा आठवत नाही. शेजारी कुणी नसलं की रस्ता नुसता लांबतो. हिंडनच्या पुलावर सवयीने मी डावीकडे सरकले, शमीमला जागा ठेवून. मग माझं माझ्या लक्षात आलं.

कॉलनीत शिरले ती सरळ तिच्या दारात गेले. सलीमभावजींनी दार उघडलं आणि बोटाने आतली खोली दाखवली. "कालपासून कुणाशी बोलत नाही," ते पुटपुटले. शमीम पलंगावर, पाय उशीवर, तोंड भिंतीकडे. हरियाणाची गाणी मला येत नव्हती आणि आपल्याकडची या प्रसंगाला कुणी रचलेली नाहीत. मी शाल काढली आणि तिच्या खांद्यावर घातली.

तिने खांदे उडवले. शाल पडली.

मी पुन्हा घातली. पुन्हा पडली. मागे सलीमभावजी, त्यांच्यामागे आवाज ऐकून आलेला श्रीधर, दोघेही आमच्या डोक्यावर परिणाम झाल्यासारखे बघत होते. तिसऱ्यांदा शाल घातली आणि मला रडू आलं. मी म्हटलं, "शमीम, तुला बसमध्ये घातलं कारण तू मला चालती-फिरती हवी आहेस. मिरजेत असलीस तरी."

मग तिने शालीचं टोक ओढून नाकाशी नेलं.

"चेनचं तेल लागलंय हिला," ती म्हणाली. "सासूला असली शाल घालतात का?"

मी तिच्या पलंगावर बसले आणि आम्ही दोघी रडलो आणि हसलो. श्रीधर दारातून म्हणाला की अटीचं काय ते आपण पुन्हा बघू, अट म्हणजे काही कायदा नव्हे. शमीमने हात वर करून त्याला थांबवलं.

"नाही भावजी. मी बसले, मी नापास. अट म्हणजे अट." मग माझ्याकडे बोट केलं. "पण ही पास झाली. हिला तुम्ही आता अडवू शकत नाही. चलो, नकाशा आण."

नकाशा आला. तिने गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी बाजूला सरकवून तो मांडीवर घेतला. फेब्रुवारीत निघायचं शक्यच नव्हतं, डॉक्टरांनी पाय टेकवायलाही बंदी केली होती. ती बोट फिरवत मिरजेवर थांबली.

"तू इकडून ये. मी तिकडून येते. सुट्टी मिळेल तसं, जमेल तेवढं. जिथे थांबू तिथे सायकल कुणाकडे तरी ठेवायची, ट्रेनने घरी जायचं, पुढच्या वेळी तिथूनच निघायचं. मध्ये कुठेतरी गाठ पडेल. मग दोघींनी खाली वळायचं."

"आणि किती वर्षं लागतील?"

"लागू देत. मधला देश बघायचा होता ना आपल्याला?"

मार्चअखेर त्यांनी क्वार्टर सोडलं. निजामुद्दीनला मी सोडायला गेले तेव्हा तिची सायकल गोणपाटात शिवून सामानाच्या डब्यात चढत होती आणि ती हमालाला हँडल जपायला सांगत होती. आम्हाला रडायलाही धड वेळ मिळाला नाही. गाडी हलली तेव्हा तिच्या अंगावर माझी शाल होती, इतक्या उन्हात.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत मी मथुरेला गेले, नाताळात आग्र्याला. आता माझी सायकल ग्वाल्हेरला, एका ओळखीच्या शिक्षिकेच्या जिन्याखाली आहे. शमीमचा गुडघा पावसाळ्यापर्यंत बरा झाला. ती कऱ्हाडमार्गे साताऱ्याला पोचली, मग खंबाटकी घाट सायकल ढकलत चढली, आणि गेल्या महिन्यात पुण्यात माझ्याच माहेरी सायकल ठेवून गेली. रात्री एसटीडीचे दर कमी झाले की ती फोन करते. जन्मभर टेलिफोन जोडून दिलेली बाई, अजूनही आधी "नमस्कार, बोला" म्हणते.

परवा मी तिला सांगितलं की पुढच्या सुट्टीत ग्वाल्हेरच्या पुढे निघतेय, रस्ता खराब आहे म्हणतात, गावंही लांब लांब आहेत.

"हळूहळू ये, घाई नाही," ती म्हणाली. "सामान कमी घे. कुणी सत्कार करायला लागलं तर मागच्या दाराने पळ." मग म्हणाली, "आणि हे बघ उषा, मी पुढे उभी आहे. वाटेत बस दिसली तर थांबवू नकोस."